जाळे, कडी आणि संशय : भारतातील पक्षी-वलयांकनाचा इतिहास

प्रस्तावना

हिवाळ्यातील पहाट. तळ्याच्या काठी दोन बांबूंच्या मध्ये काळ्या नायलॉनचे इतके बारीक जाळे ताणलेले असते की झुडपांच्या सावलीत ते डोळ्यांना दिसत नाही. उडत आलेला लहान पक्षी त्यावर आदळतो आणि जाळ्याच्या सैल झोळीत अलगद पडतो. काही मिनिटांत कोणीतरी येऊन त्याला सोडवते, कापडी पिशवीत ठेवते, वजन करते, पंख मोजते, पायात अ‍ॅल्युमिनियमची कडी घालते, वहीत नोंद करते आणि त्याला उडू देते. या पद्धतीला मराठीत वलयांकन म्हणतात. पक्षी-अभ्यासक तिला सरळ 'रिंगिंग' म्हणतात.

जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात हे एक तंत्र म्हणून येते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र त्याला वेगळे प्रश्न विचारायला हवेत. हे जाळे आले कोठून? पक्षी पकडण्याचे कसब कोणाचे होते? या कामासाठी पैसे कोणी दिले आणि का दिले? मिळालेली माहिती कोणाच्या हाती गेली? स्वतंत्र भारतात या प्रश्नांची चर्चा एकदा थेट संसदेपर्यंत पोहोचली. विज्ञान, परकीय मदत आणि राष्ट्राचे सार्वभौमत्व यांचे नाते समजून घेण्यासाठी या पाठात आपण ते प्रकरण आणि त्याची पार्श्वभूमी पाहणार आहोत.

१. कडीची कल्पना

पक्षी ऋतूप्रमाणे ये-जा करतात हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. चक्रवाक हिवाळ्यात दिसतो आणि उन्हाळ्यात नाहीसा होतो, ज्वारीच्या हंगामात भोरड्यांचे थवे शेतांवर उतरतात, हे शेतकऱ्यालाही माहीत असते. पण अमुक एक पक्षी नेमका कोठून आला हे सांगायला त्या एकाच पक्ष्यावर ओळखीची खूण हवी. डेन्मार्कमधील विबोर्ग येथील शिक्षक हान्स ख्रिस्तियान मॉर्टेन्सेन यांनी 1899 साली क्रमांक आणि पत्ता कोरलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कड्या युरोपीय मैनांच्या पायांत घातल्या. पद्धतशीर वलयांकनाचा आरंभ तेथून मानला जातो. 1910 मध्ये जर्मनीच्या हेल्गोलँड बेटावर पक्षी-वेधशाळा स्थापन झाली आणि स्थलांतराच्या अभ्यासाला कायमचे ठाणे मिळाले.

भारतात या कामाची जबाबदारी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीकडे आली. ही संस्था 1883 मध्ये स्थापन झाली होती. 1926-27 च्या सुमारास मध्य भारतातील धार संस्थानात बदकांना कड्या घालण्याचा पहिला उपक्रम संस्थेच्या सहकार्याने झाला. संस्थानिकांचा पुढाकार असणे त्या काळी स्वाभाविक होते. मोठे तलाव त्यांच्या ताब्यात होते, बदके पकडणारी माणसे त्यांच्या पदरी होती आणि शिकारीमुळे पाणपक्ष्यांविषयी त्यांना आस्थाही होती. भरतपूरच्या केवलादेव तलावावर 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी झालेल्या शिकारीत एकाच दिवसात 4,273 पक्षी मारले गेल्याची नोंद तेथील दगडी फलकावर आहे. पुढे हेच भरतपूर वलयांकनाचे महत्त्वाचे केंद्र झाले.

संस्थेच्या कड्यांवर क्रमांकासोबत इंग्रजीत मुंबईला कळवण्याची विनंती कोरलेली असे. सैबेरियातील एखाद्या शिकाऱ्याने बदक मारावे, कडी पाहावी, ते अक्षर ओळखावे किंवा ओळखणाऱ्याला दाखवावे आणि मुंबईला पत्र धाडावे, एवढी लांब साखळी पूर्ण झाली तरच एक नोंद हाती लागे. लहान पक्ष्यांच्या बाबतीत शंभर कड्यांमागे एकीचाही पत्ता लागत नसे.

येथे साधन-चिकित्सेचा एक मुद्दा लक्षात घ्यावा. परत कळलेल्या कड्यांचा नकाशा काढला तर तो पक्ष्यांच्या मार्गांचा नकाशा वाटतो. प्रत्यक्षात तो शिकाऱ्यांचा, साक्षरतेचा आणि टपालखात्याचाही नकाशा असतो. बदकांच्या नोंदी अधिक मिळाल्या, कारण बदके खाण्यासाठी मारली जातात. थिरथिऱ्याला कोणी मारत नाही, म्हणून त्याची कडी कोठेतरी गवतात पडून राहते. वाळवंट आणि निर्जन पर्वतांवरून जाणारा मार्ग त्या नकाशावर उमटत नाही. दप्तरखान्यातील कागदांप्रमाणेच येथेही जे नोंदले गेले नाही त्याचा विचार करावा लागतो.

२. धुक्याचे जाळे

दुसऱ्या महायुद्धापर्यंत वलयांकनासाठी सापळे, पिंजरे आणि मोठी जाळी वापरली जात. मोठ्या प्रमाणावर लहान पक्षी पकडणे अवघड होते. ही अडचण दूर केली ती जपानी पारध्यांच्या जाळ्याने. जपानी भाषेत त्याला 'कासुमी-आमी' म्हणतात. कासुमी म्हणजे धुके, आमी म्हणजे जाळे. रेशमी धाग्याची ही जाळी डोंगरमाथ्यांवर लावून तेथील लोक स्थलांतर करणारे पक्षी खाण्यासाठी पकडत. युद्धानंतर जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात असताना अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ ऑलिव्हर ऑस्टिन तेथील वन्यजीवविषयक कारभार पाहत होते. या जाळ्याची माहिती पाश्चात्त्य शास्त्रज्ञांपर्यंत पोहोचवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. 1956 पासून ब्रिटनमधील वलयांकनात ते वापरात आले आणि रेशमाची जागा नायलॉनने घेतली.

जाळ्याची रचना साधी आहे. साधारण 12 मीटर लांबीचे आणि अडीच-तीन मीटर उंचीचे जाळे दोन खांबांवर लावतात. त्यात चार-पाच आडव्या दोऱ्या ताणलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये जाळे मुद्दाम सैल सोडलेले असते. पक्षी आदळला की दोरीखाली झोळी तयार होते आणि त्याच्याच वजनाने तो तिच्यात अडकतो. वटवट्यासारख्या छोट्या पक्ष्यासाठी छिद्र बारीक हवे, मोठ्या पक्ष्यासाठी मोठे.

या कामाला हिवाळा सोयीचा, कारण सप्टेंबर ते एप्रिल या काळात उत्तर आणि मध्य आशियातील पक्षी भारतात असतात. पहाटे वारा पडलेला असतो आणि पक्षी चारा शोधायला बाहेर पडतात. वारा सुटला की जाळे हलते, पक्ष्यांना दिसते आणि अडकलेल्या पक्ष्याला इजाही होऊ शकते. दवाचे थेंब धाग्यांवर चमकले तरी जाळे उघडे पडते. ऊन चढले किंवा पाऊस आला तर जाळी गुंडाळून ठेवावी लागतात. जाळ्यांपाशी वारंवार फेरी मारणे हा तर पहिला नियम, कारण विसरलेले जाळे पक्ष्यांचा जीव घेते.

३. मीरशिकार : कसब कोणाचे?

जाळे जपानहून आले, तरी भारतातील शिबिरांत पक्षी पकडणारे हात इथलेच होते. बिहारमधील मीरशिकार समाजाचा पिढीजात व्यवसाय पक्षी पकडण्याचा. दरबारी बहिरी ससाण्यांपासून बाजारातील लावे-तितरांपर्यंत सर्व पक्षी ते पकडत. फास, चिकट लासा लावलेल्या काड्या, झटक्याने मिटणारी जाळी आणि हुबेहूब काढलेले पक्ष्यांचे आवाज ही त्यांची साधने. महाराष्ट्रातील फासेपारधी समाजाकडेही याच जातीचे ज्ञान आहे. तितराची वाट ओळखून तिच्यावर फास मांडण्याची त्यांची पद्धत त्यांच्या नावातच आली आहे.

सोसायटीने आपल्या वलयांकन शिबिरांत मीरशिकारांना कामाला घेतले. त्यांपैकी अली हुसैन यांचे नाव पक्षी-अभ्यासकांत सर्वतोमुखी झाले. चिखलात उतरणारे पाणपक्षी किंवा झाडोऱ्यातून क्षणभर दिसणारा पक्षी कोठून जाईल याचा अंदाज त्यांना असे. जाळे कोठे लावायचे हा निर्णय बहुधा अशाच माणसांच्या नजरेवर अवलंबून असे. पदवीधर संशोधक पक्ष्याची जात ठरवी, मापे घेई आणि लेख लिही. लेखावर नाव संशोधकाचे येई आणि मीरशिकाराचे स्थान बहुधा आभाराच्या ओळीत असे.

विज्ञानाच्या इतिहासात हे वारंवार घडलेले दिसते. वसाहतकाळात भारतीय वनस्पतींची चित्रे काढणारे कलावंत किंवा हिमालयाचे मोजमाप करणारे पंडित यांचीही हीच गोष्ट आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर या विषमतेला आणखी एक बाजू आली. कायद्याने पकडणे, जाळ्यात धरणे हेही शिकारीत मोडते. वैज्ञानिक संशोधनासाठी मात्र परवानगी मिळू शकते. म्हणून परवाना असलेल्या शिबिरात जे कसब विज्ञान ठरते, तेच कसब शिबिराबाहेर गुन्हा ठरते. पक्ष्यांच्या रक्षणासाठी कायदा आवश्यक होता यात वाद नाही. पण ज्यांचे पोट या कसबावर होते त्यांना पर्यायी काम किती मिळाले, हा प्रश्न इतिहासकाराने विचारायलाच हवा.

४. एक ताप आणि एक शक्यता

1957 साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलाच्या परिसरात माकडे मरू लागली आणि त्यांच्या पाठोपाठ गावकरी तापाने आजारी पडू लागले. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तपास केला. हे केंद्र 1952 मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या सहकार्याने सुरू झाले होते. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. सापडलेला विषाणू गोचिडींमार्फत पसरणारा होता आणि रशियातील वसंत-ग्रीष्म मेंदूज्वराच्या विषाणूंशी त्याचे जवळचे नाते होते. 'क्यासनूर जंगल रोग' असे नाव मिळालेला हा रोग आपल्याकडे 'माकडताप' म्हणून ओळखला जातो.

मग प्रश्न उभा राहिला : सैबेरियातील विषाणूचा नातेवाईक दक्षिण भारतातील जंगलात आला कसा? दर हिवाळ्यात तिकडून इकडे येतात ते पक्षी. त्यांच्या अंगावर गोचिडी असू शकतात. म्हणजे पक्ष्यांबरोबर विषाणू आला असण्याची शक्यता होती. ती तपासायची तर पक्षी मोठ्या संख्येने पकडायला हवे होते, त्यांच्या गोचिडी आणि रक्ताचे नमुने घ्यायला हवे होते आणि कड्या घालून त्यांचे मार्ग शोधायला हवे होते.

पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली (1896-1987) यांना अशा मोठ्या कार्यक्रमाची ओढ पूर्वीपासून होती. 1929-30 मध्ये बर्लिन येथे एर्विन श्ट्रेझमान यांच्याकडे शिकत असताना त्यांनी हेल्गोलँडचे काम पाहिले होते. मात्र केवळ पक्ष्यांच्या मार्गांसाठी पैसे देणारा कोणी नव्हता. रोगाने ती दारे उघडली. 1950 च्या दशकाच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सोसायटीचा पक्षी-स्थलांतर प्रकल्प उभा राहिला. कच्छ, भरतपूर आणि पुढे तमिळनाडूतील कोडिक्करै अशा ठिकाणी शिबिरे झाली. जपानी पद्धतीची जाळी आणि मीरशिकारांचे कसब एकत्र आले आणि त्यापूर्वी कधी झाले नव्हते इतक्या मोठ्या प्रमाणावर वलयांकन सुरू झाले.

वैज्ञानिकदृष्ट्या मूळ प्रश्नाचे उत्तर काय मिळाले? रोगाचे चक्र स्थानिक गोचिडी, लहान सस्तन प्राणी आणि माकडे यांच्यामध्ये चालते असे दिसून आले. स्थलांतरित पक्ष्यांनी तो आणल्याचे सिद्ध झाले नाही. 1990 च्या दशकात सौदी अरेबियात सापडलेला अलखुर्मा विषाणू हा त्याचा सर्वांत जवळचा नातेवाईक ठरला आणि सैबेरियाच्या कल्पनेतले बळ आणखी कमी झाले. माकडताप मात्र आपल्याकडून गेला नाही. 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरात त्याचे रुग्ण आढळले.

५. पैसा कोणाचा? 1974-75 चा वाद

जागतिक आरोग्य संघटनेची मदत मर्यादित होती. 1960 च्या दशकात या कामाला दुसरा आधार मिळाला. स्थलांतरित प्राण्यांच्या रोगांचे सर्वेक्षण हा आशियाभर पसरलेला कार्यक्रम 1963 ते 1971 या काळात चालला. त्याचे प्रमुख होते अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ एलियट मॅक्ल्युअर. जपानपासून भारतापर्यंतच्या अनेक देशांत मिळून दहा लाखांहून अधिक पक्ष्यांना कड्या घातल्या गेल्या आणि 1974 मध्ये त्याचे निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. आशियातील पक्षी-स्थलांतराविषयी इतकी माहिती पूर्वी एकत्र आली नव्हती. या कार्यक्रमाचा खर्च अमेरिकेच्या सैन्याच्या संशोधन विभागाकडून येत होता.

सैन्याला पक्ष्यांत रस का? एक उत्तर सरळ आहे : आशियात लढणाऱ्या सैनिकांना होणाऱ्या रोगांची माहिती हवी होती. दुसरी शंका अधिक गंभीर होती. कोणता पक्षी कोणता विषाणू घेऊन केव्हा कोठे जातो हे कळले, तर त्याचा उपयोग जैविक युद्धासाठीही होऊ शकतो. ही शंका हवेतली नव्हती. स्मिथसोनियन संस्थेचे पॅसिफिक महासागरातील पक्षी-सर्वेक्षण अमेरिकी सैन्याच्या जैविक प्रयोगशाळेच्या पैशावर चालले होते, हे 1969 मध्ये अमेरिकेतच उघड झाले होते. त्या संस्थेचे प्रमुख डिलन रिप्ली हे सालिम अलींचे जुने सहकारी. भारतीय उपखंडातील पक्ष्यांवरचा दहा खंडांचा ग्रंथ दोघांनी मिळून लिहिला. महायुद्धात रिप्ली अमेरिकेच्या गुप्तवार्ता विभागात होते हेही सर्वज्ञात होते.

भारतात हा विषय 1974 मध्ये वृत्तपत्रांत आणि संसदेत आला. काळ लक्षात घ्यावा. 1971 च्या युद्धात अमेरिकेने पाकिस्तानची बाजू घेतली होती आणि तिची युद्धनौका बंगालच्या उपसागराकडे आली होती. संसदेच्या लोकलेखा समितीने परदेशी सहभाग असलेल्या संशोधन प्रकल्पांची तपासणी करून 1975 मध्ये अहवाल दिला. दिल्लीतील डासांच्या आनुवंशिक नियंत्रणाचा प्रकल्प हे त्यातील सर्वांत गाजलेले प्रकरण. तो 1975 मध्ये बंद झाला. सोसायटीच्या पक्षी-स्थलांतर प्रकल्पावरही समितीने प्रश्न उपस्थित केले. गोळा केलेले नमुने आणि माहिती कोठे जाते, त्यावर भारतीय यंत्रणेची देखरेख काय आणि असे प्रकल्प मंजूर करताना सुरक्षेचा विचार झाला का, हे त्यामागचे मुख्य मुद्दे होते.

सोसायटीने आणि सालिम अलींनी आरोप नाकारले. काम उघड होते, निष्कर्ष प्रसिद्ध होत होते आणि हेतू शास्त्राचाच होता, अशी त्यांची भूमिका होती. भारतातील पक्ष्यांचा युद्धासाठी वापर झाल्याचा पुरावा पुढे आला नाही.

या वादाकडे दोन टोकांनी पाहिले जाते. एका बाजूला राजकारण्यांच्या संशयवेडाने चांगले विज्ञान अडवले असे म्हटले जाते. दुसऱ्या बाजूला शास्त्रज्ञ परकीय सत्तेचे भाबडे हस्तक ठरले असे म्हटले जाते. दोन्ही वर्णने अपुरी आहेत. शास्त्रज्ञांचा हेतू स्वच्छ असणे आणि देणाऱ्याचा हेतू वेगळा असणे या गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. माहिती एकदा नोंदली गेली की तिचा वापर कोण कशासाठी करील हे नोंदणाऱ्याच्या हाती राहत नाही. म्हणून समितीचा प्रश्न पक्ष्यांपुरता नव्हता. गरीब देशाने आपल्या संशोधनाचा खर्च स्वतः केला नाही, तर संशोधनाचे विषय कोण ठरवणार, हा त्याचा गाभा होता. आणि स्वदेशी तिजोरीने अशा कामाला पुरेसा पैसा कधी दिला नव्हता, हा सालिम अलींच्या पिढीचा अनुभवही तितकाच खरा होता.

६. वादानंतर

1980 च्या दशकात सरकारी मंजुरीने आणि अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेच्या सहकार्याने सोसायटीचे स्थलांतराचे काम पुन्हा जोमाने सुरू झाले. भरतपूर आणि कोडिक्करै ही त्याची प्रमुख ठिकाणे. या वेळी भर रोगापेक्षा पाणथळ जागांच्या संवर्धनावर होता. पक्ष्याचा मार्ग कळला तर त्या मार्गावरचे कोणते तळे वाचवायला हवे हेही कळते. केवलादेवला 1981 मध्ये रामसर यादीत आणि 1985 मध्ये जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. कोडिक्करै 2002 मध्ये रामसर यादीत आले.

जाळ्यामुळे काय साधते याचे एक उदाहरण इतिहासाच्या विद्यार्थ्यांना विशेष आवडेल. 1867 मध्ये अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम, म्हणजे पुढे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम, यांनी सतलजच्या खोऱ्यात एक बोरू वटवट्या मिळवला. तसा दुसरा पक्षी नंतर कोणाला सापडेना. तो स्वतंत्र जातीचा आहे की नाही याविषयीही शंका होती; 2002 मध्ये जनुकीय तपासणीने ती दूर केली. मार्च 2006 मध्ये थायलंडमध्ये वलयांकनासाठी लावलेल्या जाळ्यात एक वटवट्या सापडला. संशोधकाला त्याची चोच आणि पंख वेगळे वाटले. त्याची दोन पिसे ठेवून पक्षी सोडून दिला गेला आणि पिसांच्या तपासणीतून तो ह्यूमचाच पक्षी ठरला. जवळजवळ 140 वर्षांनी पडलेली ती गाठ हातात धरून बारकाईने पाहिल्यामुळेच शक्य झाली. दुर्बिणीतून हे दोन वटवटे सहसा वेगळे ओळखता येत नाहीत.

रोगाचा प्रश्नही परत आला. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला आणि संशयाचे बोट पुन्हा स्थलांतरित पक्ष्यांकडे वळले. क्यासनूरचा इतिहास येथे उपयोगी पडतो. आधी पक्ष्यावर आरोप, मग तपास, असा क्रम यापूर्वीही झाला होता आणि तपासाने आरोप टिकला नव्हता. म्हणून प्रत्येक वेळी पक्षी निर्दोष असतात असे नाही. पण उत्तर पुराव्यावरून द्यायचे असते आणि पुरावा वर्षानुवर्षांच्या कंटाळवाण्या नोंदींतून येतो.

जाळ्याचा हेतू बदलू शकतो हे नागालँडनेही दाखवले. 2012 मध्ये दोयांग जलाशयाजवळ मासेमारीची जाळी लावून अमूर ससाणे हजारोंच्या संख्येने मारले जात असल्याचे उघड झाले. पुढच्याच हंगामात गावकऱ्यांनी शिकार थांबवली. नोव्हेंबर 2013 मध्ये तेथेच तीन ससाणे पकडून त्यांच्या पाठीवर उपग्रह-यंत्रे बसवली गेली आणि त्यांना नागा, पांगती आणि वोखा अशी नावे दिली गेली. मारणाऱ्या गावाचे नाव घेऊन पक्षी आफ्रिकेपर्यंत गेला आणि गावाने त्याची वाट पाहिली. आज उपग्रह-यंत्रे मार्ग दाखवतात, तरी लहान पक्ष्यांसाठी जाळे आणि हलकी कडी यांची गरज संपलेली नाही.

सारांश

पक्ष्याच्या पायातील कडीवर एक क्रमांक आणि एक पत्ता असतो. ते साधन जपानी पारध्यांचे जाळे, मीरशिकारांचे कसब, शिमोग्यातील ताप, अमेरिकी सैन्याचा पैसा आणि भारतीय संसदेचा संशय यांतून घडत गेले, हे त्या कडीवर लिहिलेले नसते. ते वाचणे हे इतिहासाचे काम आहे. या प्रकरणातून तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, साधने आणि कसब यांचा प्रवास शिकारीकडून विज्ञानाकडे झाला, पण श्रेय त्याच वाटेने गेले नाही. दोन, निधीचा उगम संशोधनाचे निष्कर्ष खोटे ठरवत नाही, पण कोणते प्रश्न विचारले जातील हे मात्र ठरवतो. तीन, देखरेख मागणारी संसद आणि मोकळीक मागणारा शास्त्रज्ञ या दोघांचीही मागणी रास्त असू शकते. त्यांच्यात समतोल साधण्याचे काम प्रत्येक पिढीला नव्याने करावे लागते.

विचारासाठी प्रश्न

1. परत कळलेल्या कड्यांच्या नोंदींत कोणकोणत्या त्रुटी असू शकतात? तुमच्या विषयातील एखाद्या ऐतिहासिक साधनाशी तुलना करा.
2. मीरशिकार किंवा फासेपारधी यांच्या ज्ञानाला संशोधनात कोणते स्थान मिळायला हवे होते? कायद्याच्या संदर्भात चर्चा करा.
3. 1974-75 मध्ये तुम्ही लोकलेखा समितीचे सदस्य असता, तर पक्षी-स्थलांतर प्रकल्पाविषयी कोणती शिफारस केली असती? कारणे द्या.